गिरणीतला रविवार : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

इंदूरकरांना गिरणी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल ही नावे अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांबरोबर अजूनही रस्त्यावर येतात. धुराडी थंड पडून कितीतरी वर्षे झाली, तरी येतात. आपल्यातल्या पुष्कळ घरांतले आजोबा-पणजोबा भोंग्याच्या आवाजावर उठणारे होते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत एका गिरणीवाल्याचे चरित्र द्यावे असे वाटले. मालकाचे नव्हे, कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका स्टोअरकीपरचे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्याला झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण ठाण्यातच मॅट्रिकच्या आसपास थांबले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि त्यानंतर मुंबईच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. चरित्रकार या नोकरीवरून एका ओळीत पुढे सरकतात. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. पट्टे, तेल, सुटे भाग, सगळे स्टोअरमधून जाते. कोणता साचा वारंवार बिघडतो, कुठल्या खात्यातून काय मागायला येतात, हे त्या जागेवर बसलेल्याला न विचारता कळते.

त्या काळची गिरणी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. एकच वाफेचे इंजिन असे. त्याची शक्ती छताजवळ फिरणाऱ्या लांब दांड्यांवरून आणि त्यांवरून खाली उतरणाऱ्या चामडी पट्ट्यांवरून प्रत्येक साच्यापर्यंत येई. पट्टा उघडाच फिरायचा. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा नुसता हात त्यात सापडला तर ओढला जाई, आणि इंजिन थांबेपर्यंत व्हायचे ते होऊन जाई. मागावरचा धोटा उडून डोळ्याला लागे. सूत तुटू नये म्हणून हवा दमट आणि कोंदट ठेवलेली, तिच्यात कापसाचे तूस तरंगत असे. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही तेवढेच. एखाद्या रविवारी इंजिन थांबलेच तर निम्मा दिवस साचे पुसायला यावे लागे.

थकलेल्या माणसाचा हात चुकतो, हे सांगायला विद्वान लागत नाही. पण ही गोष्ट कायद्यात यायला फार वेळ लागला. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७० नंतरच्या दशकात गिरणी कायद्यासाठी खटपट केली, आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे, मुख्यतः एवढेच त्यात होते. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल, सुटीबद्दल अवाक्षर नव्हते.

त्यातही घोळ असा की, हा कायदा व्हावा म्हणून विलायतेतले लँकेशायरचे गिरणीमालक जोर लावत होते. त्यांना मुंबईच्या मजुराचा कळवळा होता असे कोणी समजू नये. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना खुपत होते. त्यामुळे आपल्याकडच्या देशभक्त वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. देशी धंदा बुडवण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच निराधार नव्हते. पण या भांडणात पट्ट्यात सापडलेल्या हाताचा विचार दोन्ही बाजूंना दुय्यमच होता.

इथे लोखंडे वेगळे पडतात. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडायच्या बेतात असताना १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईला आणून चालवायला घेतले. शेतकरी आणि गिरणीकामगार यांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली. कायदा कोणाच्या फायद्यासाठी मागितला जातो, यापेक्षा तो कोणाला वाचवतो, हे त्यांनी पाहिले.

१८८४ मध्ये सरकारने कायद्याचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली. लोखंड्यांनी वाट पाहिली नाही. त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन समितीपुढे ठेवले. मागण्या पाचच. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय.

शेवटची मागणी अपघात झाल्यानंतरची आहे हे उघड. पण पहिल्या तिन्ही वाचताना जाणवते की त्या अपघात होऊ नये म्हणूनच आहेत. सूर्यास्तानंतर अंधूक उजेडात साच्यात हात घालायचा नाही. तेरा तास सलग उभे राहायचे नाही. सहा दिवसांनी एक दिवस अंगाला आराम. पाचवीतही एक खोच आहे. जखमी माणसाचा खर्च मालकावर पडू लागला की पट्ट्याला जाळी बसवणे मालकालाच स्वस्त वाटू लागते. लोखंड्यांनी असा हिशेब मांडला होता की नाही, सांगता येत नाही. परिणाम मात्र तोच झाला असता.

याच चळवळीतून ‘बॉम्बे मिलहॅण्ड्स असोसिएशन’ उभी राहिली. तिला देशातली पहिली कामगार संघटना म्हणतात. खरे पाहता तिच्याकडे ना सभासदांची नोंद होती, ना वर्गणी, ना निधी. सगळा भार एका माणसाच्या शब्दावर आणि एका वृत्तपत्रावर होता.

निवेदन फायलीत पडून राहिले. लोखंडे सभा घेत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषण केले, आणि हे १८९० साल आहे हे वाचकांनी विसरू नये. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला असे सांगतात. देवाचा दिवस म्हटल्यावर कामगाराला ती मागणी आपलीच वाटली असणार. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. भारताला रविवारची सुटी लोखंड्यांनी दिली, असे हल्ली सरसकट म्हटले जाते, ते तितकेसे खरे नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. ज्यांना नव्हता, त्या गिरणीतल्या माणसांना तो मिळाला. एवढे पुष्कळ झाले.

त्याच वर्षी सरकारने नवा फॅक्टरी कमिशन नेमला आणि मुंबईपुरते सदस्य म्हणून लोखंड्यांना त्यात घेतले. कालपर्यंत अर्ज करणारा आता टेबलाच्या पलीकडे बसला. १८९१ च्या दुरुस्त कायद्यात आठवड्याची सुटी आली, दुपारचा अर्धा तास आला. कामगाराचे किमान वय नऊ झाले, चौदाखालच्या मुलांना सात तास आणि स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा पडली. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही कायदा लागू झाला. पुरुषांच्या तासांना मात्र हात लागला नाही.

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांचा संप त्यांनी १८९० मध्येच घडवून आणला. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर राणीच्या बागेत ऐक्याची सभा भरवली. १८९५ मध्ये सरकारने रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. गिरणगावातून लोक बोचकी बांधून कोकणात, घाटावर पळू लागले. लोखंडे राहिले. रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभारण्यात पुढाकार घेतला, आणि सेवा करता करता त्यांनाच लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतच.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची हद्द पुसली गेली. तास पुन्हा वाढले. गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्ये झाला. सुपारीबागेतल्या निवेदनाला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती, आणि लोखंड्यांना जाऊन सव्वीस.