जॉन आल्टगेल्ड : भीतीच्या काळात न्यायाची बाजू घेणारा गव्हर्नर

दरवर्षी 1 मे रोजी आपण शिकागोच्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. पण त्यांच्यावर अन्याय झाला हे सत्तेच्या खुर्चीत बसून लेखी मांडणाऱ्या माणसाचं नाव आपल्या सभांमध्ये क्वचितच निघतं. तो माणूस म्हणजे जॉन पीटर आल्टगेल्ड.

आल्टगेल्ड यांचा जन्म 30 डिसेंबर 1847 रोजी जर्मनीतला. काही महिन्यांचे असतानाच आईवडील त्यांना घेऊन अमेरिकेत ओहायो राज्यात आले. घर गरीब शेतकऱ्याचं, शिक्षण तुटपुंजं. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात सैनिक झाले. पुढे रेल्वेवर मजुरी केली, शाळेत शिकवलं, कायदा शिकून वकील झाले. 1875 मध्ये शिकागोला आले आणि जमिनींच्या व्यवहारात श्रीमंत झाले. तरी गरिबी विसरले नाहीत. तुरुंगव्यवस्था गरिबांनाच कशी भरडते, यावर त्यांनी 1884 मध्ये पुस्तक लिहिलं.

मे 1886 मध्ये आठ तासांच्या कामासाठी शिकागोत मोठा संप झाला. 3 मे रोजी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेध सभा होती. ती उधळायला पोलीस आले तेव्हा कुणीतरी बॉम्ब फेकला. त्यात आणि नंतरच्या गोळीबारात सात पोलीस आणि किमान चार नागरिक मेले. बॉम्ब कुणी फेकला, हे कधीच सिद्ध झालं नाही.

पण शहराला आरोपी हवे होते. वॉरंट नसताना घरांवर, छापखान्यांवर धाडी पडल्या, शेकडो लोकांना उचललं गेलं. वर्तमानपत्रांनी जर्मन आणि बोहेमियन स्थलांतरितांना सरसकट गुन्हेगार ठरवलं. खटला चालला आठ जणांवर. त्यातले सहा परदेशात जन्मलेले होते. यांच्यापैकी कुणी बॉम्ब फेकला असा पुरावा नव्हता. त्यांची भाषणं आणि लेख हाच मुख्य पुरावा. आपलं मत आधीच बनलंय असं कबूल करणारेही ज्युरीत बसवले गेले. सात जणांना फाशी आणि एकाला पंधरा वर्षं कैद झाली. 11 नोव्हेंबर 1887 रोजी चौघांना फासावर चढवलं. एकाने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. उरलेल्या दोघांची फाशी जन्मठेपेत बदलली.

त्या वेळी आल्टगेल्ड त्याच शहरात होते, स्वतः जर्मन वंशाचे होते. 1886 च्या अखेरीस ते न्यायाधीश म्हणून निवडून आले. खटल्यावर मात्र ते जाहीरपणे काही बोलले नाहीत. त्यांचं मोठेपण सांगताना हे आम्ही झाकत नाही.

1892 मध्ये ते इलिनॉय राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तुरुंगातल्या तिघांना माफी द्यावी, असे अर्ज हजारो नागरिकांनी केले होते. दया म्हणून सोडून दिलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. आल्टगेल्ड यांनी खटल्याची कागदपत्रं वाचून काढली आणि 26 जून 1893 रोजी तिघांना मुक्त करताना कारणंही जाहीर केली : ज्युरी ठरवून निवडली होती, न्यायाधीश पक्षपाती होता, गुन्हा सिद्धच झाला नव्हता. पोलिसांच्या दंडेलीवरही त्यांनी बोट ठेवलं. आरोपींच्या अराजकवादी विचारांशी ते सहमत नव्हते. प्रश्न विचारांचा नव्हताच, न्याय्य खटल्याचा होता.

वर्तमानपत्रं तुटून पडली. त्यांना परका आणि देशाचा शत्रू म्हटलं गेलं, त्यांचे पुतळे जाळले गेले. तरी ते मागे हटले नाहीत. कारखान्यांतल्या स्त्रिया आणि बालकांच्या संरक्षणाचा कायदा त्यांनी लागू केला. 1894 च्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्षांनी राज्याला न विचारता सैन्य पाठवलं, त्याचाही त्यांनी निषेध केला. 1896 मध्ये ते निवडणूक हरले. संपत्तीही गेली. 12 मार्च 1902 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. आदल्याच दिवशी बोअर लोकांच्या बाजूने भाषण करताना ते कोसळले होते.

आम्ही ही गोष्ट आज का सांगतो? कुठेही स्फोट झाला की एका समाजाकडे बोट दाखवलं जातं आणि त्या वस्तीतल्या पोरांना उचललं जातं. मेलेल्यांना न्याय मिळायलाच हवा, पण चुकीचा माणूस तुरुंगात गेला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो. अटकेचं कारण कळण्याचा आणि वकील गाठण्याचा हक्क संविधानाच्या कलम 22 ने दिला आहे. सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत ही तरतूद बाबासाहेबांनी मांडली. हा हक्क आपल्यासारखाच शेजारच्या वस्तीलाही आहे.

आल्टगेल्ड बोलले, पण चौघांना फाशी झाल्यानंतर साडेपाच वर्षांनी. आपण त्याच आठवड्यात बोललं पाहिजे.