चंद्रासाठी वीस वर्षं

इंटिग्रेशनचं गणित अडलं की तुम्ही काय करता? मॅक्सिमा किंवा सेजमॅथ उघडता, एक ओळ टाइप करता, एंटर मारता. उत्तर हजर! आता विचार करा, असलंच काम कुणी वीस वर्षं हाताने केलं असेल तर?

त्यांचं नाव शार्ल-यूजीन दलोने. जन्म १८१६, फ्रान्स. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्ये त्यांचंही नाव आहे.

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, हे आपण शाळेतच शिकलो. पण सूर्यही त्याला सतत ओढत असतो, त्यामुळे चंद्राची वाट साध्या सूत्रात बसत नाही. दलोने यांनी ठरवलं, आकडे नंतर घालू, आधी सगळं अक्षरांतच सोडवू. म्हणजे बीजगणिताची पानंच्या पानं! मांडायला सुमारे दहा वर्षं गेली, तपासायला आणखी दहा. १८६० आणि १८६७ मध्ये त्याचे दोन जाडजूड खंड आले, प्रत्येकी नऊशेच्या आसपास पानांचे. १८७० मध्ये ते पॅरिस वेधशाळेचे संचालक झाले. दोनच वर्षांनी शेरबूरजवळ समुद्रात बोटीच्या अपघातात बुडून गेले. वय अवघं ५६.

पण एवढं सगळं बरोबर होतं का? पुन्हा तपासायला वीस वर्षं कुणाकडे होती?

उत्तर मिळालं १९७० मध्ये. अमेरिकेत आंद्रे दप्री आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अक्षरांची गणितं करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि दलोनेंचं काम कॉम्प्युटरवर परत केलं. वेळ लागला सुमारे वीस तास. चुका सापडल्या फक्त तीन, आणि त्यातल्या दोन पहिलीमुळेच पुढे आलेल्या! यात गंमत बघा, कॉम्प्युटरने दलोनेंना तपासलं, तसंच दलोनेंच्या कागदांनी कॉम्प्युटरलाही तपासलं. बाकी सगळं जुळलं, म्हणून दोघांवरही विश्वास बसला.

मग तुम्ही काय करायचं? सॉफ्टवेअर बिनधास्त वापरा. पण उत्तर थेट वहीत उतरवू नका. त्याचं डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ फंक्शन परत मिळतंय का बघा. दलोनेंना तपासायला दहा वर्षं लागली. तुम्हाला दोन मिनिटं पुरतील.