डॉ. वसंत खानोलकर : रक्तगट आणि कुष्ठरोगाचे अभ्यासक

कुष्ठरोग म्हणजे रक्तातील दोष, असे मानून रत्नागिरीसह कोकणात रुग्णाला दूर ठेवले जाई. अशा काळात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रक्तगट व कुष्ठरोग या दोन्ही विषयांचा शास्त्रीय अभ्यास केला. १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी संपादन केली व पुढे मुंबईत विकृतिशास्त्र शिकविले. कुष्ठजंतू मज्जातंतूंवर कसा आघात करतात, याचा त्यांनी शोध घेतला. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, तो कोणत्याही रक्तगटाच्या माणसास होऊ शकतो आणि औषधांनी बरा होतो. म्हणून रुग्णाला दूर लोटू नये, अशी आम्ही वाचकांना विनंती करतो.