सत्याचा निर्भीड उपासक : जॉर्ज ऑर्वेल

मनुष्याच्या हातापायांत बेड्या ठोकल्या तरी त्याचें मन मोकळें राहूं शकतें. परंतु विचार करण्याची शक्तीच कोणी हिरावून घेतली तर? हा भयंकर प्रश्न ज्या लेखकानें कादंबरीच्या रूपानें जगापुढें मांडला, तो जॉर्ज ऑर्वेल आपल्या हिंदुस्थानांतच जन्मला होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल.

त्याचें खरें नांव एरिक आर्थर ब्लेअर. ता. २५ जून १९०३ रोजीं बिहारमधील मोतीहारी या गांवीं त्याचा जन्म झाला. वडील सरकारच्या अफू खात्यांत नोकरीस होते. पुढील वर्षीं आई त्यास इंग्लंडास घेऊन गेली. बुद्धिमत्तेच्या जोरावर शिष्यवृत्ति मिळवून तो ईटन येथील प्रख्यात विद्यालयांत शिकला. १९२२ सालीं तो ब्रह्मदेशांत पोलीस अधिकारी झाला. मान मोठा होता. पण परक्या लोकांवर सत्ता गाजविणें त्याच्या मनास पटेना. पांच वर्षांनीं त्यानें ती नोकरी सोडली. पुढें पॅरिस येथें हॉटेलांत भांडीं घांसून आणि लंडनच्या भटक्या लोकांत राहून त्यानें दारिद्र्य प्रत्यक्ष अनुभविलें. त्यावरील त्याचें पहिलें पुस्तक १९३३ सालीं निघालें, व तेव्हांच त्यानें ऑर्वेल हें टोपणनांव धारण केलें.

१९३६ च्या अखेरीस तो स्पेनमध्यें जाऊन लोकसत्ताक सरकारच्या बाजूनें लढला. मे १९३७ मध्यें एक गोळी त्याच्या गळ्यांतून आरपार गेली. तो थोडक्यांत बचावला. परंतु मनाची जखम याहूनहि खोल होती. त्याच्या पथकावर त्याच बाजूच्या साम्यवाद्यांनीं फितुरीचा खोटा आळ घेतला, सोबती तुरुंगांत पडले, आणि त्यास पत्नीसह देशांतून निसटावें लागलें. न झालेल्या लढायांचीं वर्णनें वृत्तपत्रांत छापून आलेलीं त्यानें पाहिलीं. घडलेला इतिहासहि पुसतां येतो, हें त्यास तेथें कळलें.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४३ या काळांत, त्यानें बी. बी. सी. या नभोवाणी संस्थेच्या हिंदुस्थानाकरितां असलेल्या विभागांत काम केलें. वेणू चितळे या महाराष्ट्रीय विदुषी तेथें त्याच्या सहकारी होत्या, व त्याच्या कांहीं वार्तापत्रांचें मराठींतहि भाषांतर होत असे. पुढें त्यानें शेतावरील जनावरांची एक कथा लिहिली. जुलमी मालकास हांकलून देणारीं जनावरें अखेर डुकरांचीं गुलाम होतात, असें तिचें कथानक. रशिया त्या वेळीं इंग्लंडचा मित्र असल्यानें अनेक प्रकाशकांनीं ती नाकारली. कायद्याची बंदी नव्हती. भीड आणि सोय यांनींच बंदीचें काम केलें! तरीहि त्यानें आपलें म्हणणें बदललें नाहीं. १९४५ च्या ऑगस्टमध्यें ती प्रसिद्ध झाली, आणि तिची कीर्ति जगभर पसरली. परंतु तें यश पाहण्यास त्याची पत्नी उरली नव्हती. त्याच वर्षीं मार्चमध्यें ती निवर्तली होती.

पुढें ऑर्वेल स्कॉटलंडमधील ज्यूरा बेटावर आपली शेवटची कादंबरी लिहूं लागला. 'एकोणीसशें चौऱ्याऐंशी' हें तिचें नांव. तींतील नायकाचें काम जुनीं वृत्तपत्रें सत्तेच्या सोयीप्रमाणें बदलण्याचें. तेथें कोशांतून दरवर्षीं शब्द कमी केले जातात. कारण शब्दच उरला नाहीं, तर निषिद्ध विचार मनांत तरी कसा उमटावा? तो चोरून दैनंदिनी लिहितो. शेवटीं मात्र छळ करून दोन आणि दोन पांच होतात असें त्याच्याकडून मान्य करून घेतात. क्षयानें जर्जर होऊन अंथरुणास खिळला असतांहि ऑर्वेलनें अखेरची प्रत स्वतः टंकलिखित केली. जून १९४९ मध्यें पुस्तक निघालें, आणि ता. २१ जानेवारी १९५० रोजीं, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, लंडन येथें त्याचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, सत्य हें केवळ राजाज्ञेनें मरत नाहीं. चारचौघांच्या भीडेनें आपण गप्प बसतों, तेव्हांहि तें मरतें. डोळ्यांनीं पाहिलें तें नम्रपणें पण स्पष्ट सांगावें, आणि आपल्या भाषेंतील शब्द प्राणपणानें जपावे, हाच या चरित्राचा बोध होय.