विश्लेषण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे ‘९० टक्के’ वादात का सापडले? आयसीयूंच्या तुलनेशी त्याचा संबंध काय?

दोन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील (आयसीयू) मृत्युदर पाहिले, की कमी आकड्याचे रुग्णालय चांगले वाटते. पण तिथे कोणत्या अवस्थेतील रुग्ण येतात, हे न पाहता केलेली तुलना फसवी ठरते. आधुनिक परिचर्येच्या जनक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनाही हा धडा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला होता.

आकड्यांकडे ओढा कसा?

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्सचा. लहानपणापासून गणिताची आवड. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा आजारांनीच अधिक सैनिक दगावत होते. फेब्रुवारी १८५५ मधील सुमारे ४२ टक्क्यांचा मृत्युदर सांडपाणी आणि हवा यांची व्यवस्था सुधारल्यावर जूनपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आला. मायदेशी परतल्यावर त्यांनी ही आकडेवारी आकृत्यांतून सरकारपुढे मांडली. १८५८ मध्ये त्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

वाद कशावरून झाला?

रुग्णालयांवरील त्यांच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांचा तक्ता होता. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांहून अधिक, तर लहान शहरांतील रुग्णालयांचा बराच कमी दिसत होता. हिशेब असा : वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी दाखल असलेल्या रुग्णसंख्येने भागायचे. म्हणजे एका खाटेवर वर्षात दहा रुग्ण आले आणि एक दगावला, तरी दर १०० टक्के! शिवाय लंडनमध्ये अधिक गंभीर रुग्ण येतात, असा डॉक्टरांचा आक्षेप होता.

नाइटिंगेल चुकल्या का?

या तुलनेत, हो. मात्र वय, लिंग आणि आजारानुसार नोंदी ठेवाव्यात, सर्व रुग्णालयांनी एकसारखे तक्ते वापरावेत, हा आग्रह त्यांचाच. मरणासन्न रुग्णाला घरी पाठवले की त्याचा मृत्यू रुग्णालयाच्या खाती लागत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले होते.

आज तुलना कशी होते?

अमेरिकेत विल्यम नॉस आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘अपाचे’ ही गुणपद्धती मांडली. तिच्या १९८५ च्या आवृत्तीत रक्तदाब, श्वसन, तापमान अशी १२ मोजमापे, वय आणि जुने आजार यांवरून अपेक्षित मृत्यू काढले जातात. समजा, एका आयसीयूत १०० पैकी ४० मृत्यू अपेक्षित होते आणि ३० झाले. दुसरीकडे आठ अपेक्षित होते आणि दहा झाले. साधा दर पाहता दुसरे रुग्णालय सरस; गुणोत्तर मात्र अनुक्रमे ०.७५ आणि १.२५, म्हणजे कामगिरी पहिल्याची चांगली.

धोका कुठे?

नुसत्या मृत्युदरावर क्रमवारी लावली, तर अत्यवस्थ रुग्णाला दाखल न करण्याकडेच रुग्णालयांचा कल वाढू शकतो. नाइटिंगेल यांचे १३ ऑगस्ट १९१० रोजी निधन झाले. आकडे मोजावेत हा त्यांचा आग्रह टिकला. ते कोणाचे मोजले, हेही विचारायला हवे, हे त्या वादाने शिकवले.