चुकलेली घोड्याची चाल

मुलांनो, घरात बुद्धिबळाचा पट मांडला, की लहान भावंडांना दूर बसवले जाते. ती मोहरे पाडतील, मध्येच काहीतरी बोलतील, अशी मोठ्यांना भीती वाटते. आजच्या पाठातला मुलगाही असाच मध्येच बोलला होता. तेव्हा त्याला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्याचे नाव होसे राऊल कापाब्लांका. १९ नोव्हेंबर १८८८ रोजी क्यूबा बेटावरील हवाना शहरात त्याचा जन्म झाला. त्या काळी क्यूबावर स्पेनचे राज्य होते आणि होसेचे वडील स्पेनच्या सैन्यात अधिकारी होते. त्यांच्या घरी स्पॅनिश भाषा बोलली जाई. स्पॅनिशमध्ये बुद्धिबळाला 'अखेद्रेस' म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका वाटेल. पण तुम्ही घरी 'शतरंज' म्हणता ना, त्याच शब्दाचे हे रूप आहे. आपल्या देशातला हा खेळ इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचला. खेळाबरोबर नावानेही प्रवास केला.

एके दिवशी होसे खेळत खेळत वडिलांच्या खोलीत शिरला. वडील एका गृहस्थांबरोबर बुद्धिबळ खेळत होते. होसेने हा खेळ पूर्वी कधीच पाहिला नव्हता. त्याला ते मोहरे आवडले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन पाहत बसला. कोणी त्याला काही शिकवले नाही, आणि त्यानेही काही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. वडिलांनी आपला घोडा एका पांढऱ्या घरातून उचलला आणि दुसऱ्या पांढऱ्या घरात ठेवला. यात चूक काय, हे कळण्यासाठी तुम्ही पट मांडून पाहा. घोडा अडीच घरे चालतो. पांढऱ्या घरातून निघालेला घोडा काळ्याच घरात उतरतो आणि काळ्या घरातला पांढऱ्याच घरात. कितीही प्रयत्न करा, दुसरे काही होणार नाही. पण समोरच्या गृहस्थांच्या हे लक्षात आले नाही. दोघेही खेळात कच्चेच होते. वडिलांनी डाव जिंकला. तेव्हा होसे खदखदून हसला आणि वडिलांनी लबाडी केली, असे सरळ म्हणाला.

आता वडिलांचा विचार करा. सैन्यातला अधिकारी, समोर पाहुणा बसलेला, आणि स्वतःचाच चिमुकला मुलगा लबाड म्हणतो! थोडी वादावादी झाली. होसेला खोलीबाहेर काढण्याची वेळ आली होती. तरीही वडिलांनी त्याला चूक दाखवू दिली. मग तुला या खेळातले काय कळते, असे त्यांनी विचारले. मी तुम्हांला हरवू शकतो, असे उत्तर मिळाले. ज्याला मोहरे नीट मांडताही येणार नाहीत, तो काय हरवणार, असे वडिलांना वाटले. तरी ते मुलाबरोबर खेळायला बसले आणि हरले. मला या प्रसंगात मुलाइतकेच वडीलही मोठे वाटतात. त्यांनी त्या दिवशी मुलाला दटावून गप्प केले असते, तर पुढची गोष्ट कशी घडली असती, कोण जाणे!

काही दिवसांनी वडील त्याला हवानाच्या बुद्धिबळ क्लबात घेऊन गेले. तेथे रामोन इग्लेसियास नावाच्या खेळाडूने आपला वजीर आधीच पटावरून काढून ठेवला आणि होसेशी डाव मांडला. दुबळ्या खेळाडूला अशी सवलत देण्याची रीत होती. चार वर्षांच्या होसेने तो डाव जिंकला. १८९३ सालच्या त्या डावातील चाली आजही वाचायला मिळतात.

असा मुलगा हाती लागल्यावर पुष्कळांनी त्याला सकाळ-संध्याकाळ पटासमोर बसवले असते. येथे तसे झाले नाही. इतक्या लहान वयात खेळल्याने मुलाला अपाय होईल, असे डॉक्टरांनी सांगितले. मग काही वर्षे होसे फक्त घरी, अधूनमधून खेळत असे. आठव्या वर्षी तो रविवारी क्लबात जाऊ लागला. १९०१ मध्ये, तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्याने क्यूबाचा विजेता हुआन कोर्सो याला सामन्यात हरवले.

पुढे तो शिक्षणासाठी अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याने रासायनिक अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. पण बुद्धिबळाच्या ओढीने तो अभ्यास अर्धवटच राहिला. १९०९ मध्ये त्याने अमेरिकेचे नामवंत खेळाडू फ्रँक मार्शल यांच्यावर आठ डाव जिंकले आणि फक्त एक गमावला.

आता त्याला 'तो' म्हणणे बरे नाही. १९२१ साली हवाना येथेच इमॅन्युएल लास्कर यांना एकही डाव न हरता नमवून कापाब्लांका जगज्जेते झाले. १९१६ पासून १९२४ पर्यंत, सुमारे आठ वर्षे, स्पर्धेत किंवा सामन्यात त्यांना कोणीही हरवू शकले नाही. त्याच १९२१ साली त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्याने शिकणाऱ्याला ते सुरुवातीला भरलेला पट दाखवत नाहीत. पटावर फक्त एक राजा, एक हत्ती आणि समोर एकटा राजा. मात कशी करायची, ते आधी शिका, मग बाकीचे! तुमच्या घरी कोणी लहानगा शिकायला मागत असेल, तर तुम्हीही असे करून पाहा.

त्यांना खेळ फार सहज येई आणि या सहजपणाचा तोटाही झाला. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्स येथे त्यांचा सामना अलेक्झांडर अलेखिन यांच्याशी झाला. अलेखिन यांना तोपर्यंत त्यांच्यावर एकही डाव जिंकता आला नव्हता. परंतु अलेखिन यांनी त्यांच्या जुन्या डावांचा कसून अभ्यास केला होता. कापाब्लांका यांनी तेवढी तयारी केली नाही, असे पुष्कळ जाणकार मानतात. चौतीस डाव झाले आणि जगज्जेतेपद गेले. पुन्हा सामना व्हावा म्हणून त्यांनी फार खटपट केली. मात्र जगज्जेत्याला आव्हान देणाऱ्याने दहा हजार डॉलर उभे करावेत, हा नियम स्वतः कापाब्लांका यांच्याच पुढाकाराने ठरला होता. अलेखिन यांनी त्याच नियमावर बोट ठेवले. तो सामना कधीच झाला नाही.

७ मार्च १९४२ च्या संध्याकाळी कापाब्लांका न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बुद्धिबळ क्लबात होते. ते स्वतः खेळत नव्हते; दुसऱ्यांचा डाव पाहत होते. एकाएकी त्यांनी अंगातला कोट काढायला मदत मागितली आणि ते कोसळले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांना हवाना येथे दफन करण्यात आले.