अहिल्याबाई होळकर आणि चांदवडची बारव: झरे बुजले की काय करायचं?

मुंबई-आग्रा हायवेवर नाशिकच्या पुढे चांदवड लागतं. रंगमहाल बघायला आपण थांबतो, रील काढतो आणि निघतो. होळकरकालीन बारवेकडे मात्र फार कमी जण वळतात. खरं तंत्रज्ञान तिथेच आहे!

रंगमहाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या अहिल्याबाई १७२५ मध्ये चौंडीला जन्मल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. एवढं सोसून त्यांनी १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, महेश्वरहून कारभार पाहिला. देशभर घाट, धर्मशाळा, विहिरी, बारवा बांधल्या. हा खर्च त्या मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून करत.

आता बारव कशी चालते ते बघू. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून झिरपतं. बारवेचे दगड बिनचुन्याचे रचलेले असतील, तर सांध्यांतूनही पाणी आत येतं. दर पावसाळ्यात माती आणि पालापाचोळा तळाशी साचतो, भेगा बुजतात. मग बाहेर जमिनीत पाणी असूनही बारव कोरडी दिसते.

गरम वाफेवर वीज बनवणाऱ्या भूगर्भातल्या विहिरींचंही असंच होतं. पाणी वर येताना दाब कमी होतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाइपला आतून चुन्याचा थर बसतो. घरच्या गीझरच्या कॉइलवर बसतो ना, तसाच! तिथे तो थर ड्रिलने किंवा आम्लाने काढतात.

बारवेचा उपाय साधा आहे: पाणी उपसा, गाळ काढा, झरे मोकळे करा, निसटलेले दगड पुन्हा बसवा. आतून सिमेंट मात्र लिंपू नका, त्याने उरलेले झरेही बंद होतात. आणि जाणकार माणसाशिवाय कुणी आत उतरू नका, तळाशी विषारी वायू असू शकतो.

अहिल्याबाईंची जयंती ३१ मेला असते. तेव्हा पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि पाऊस तोंडावर असतो. गाळ काढायला याहून चांगला मुहूर्त कुठला? हार घालाच, पण सोबत एक घमेलंही घेऊन जा.